वस्तीवरचा दवाखाना आणि उद्याचा डॉक्टर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांला विषय दिला तो असा : डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम का करावे? विषय वाचताच आमच्यापैकी एक जण, जो आज ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे, हसून म्हणाला, "का करावे ते मागाहून लिहू. काय करावे लागते ते आधी लिहा, नाहीतर पोरे गळ्यात स्टेथोस्कोप अडकवूनच यायची." त्याचे म्हणणे आम्हांला पटले, म्हणून आरंभ कामापासूनच करतो.

'आम्ही' म्हणजे या वसतिगृहाच्या निरनिराळ्या वर्षांतील सात माजी विद्यार्थी. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत आम्ही सर्व जण दर रविवारी, शाळेपासून पायी पंचवीस मिनिटांवर असलेल्या वस्तीतील दवाखान्यात जात असू. आज आमच्यापैकी तिघे डॉक्टर आहेत, एक जण वैद्यकीय शिक्षणाच्या अंतिम वर्षाला आहे, एक भगिनी परिचारिका आहे, एक औषधनिर्माता आहे आणि एक जण गणिताचा शिक्षक झाला. या लेखात सर्वांत मोठा वाटा त्या गणिताच्या शिक्षकाचा आहे. तो का, हे पुढे येईलच.

दवाखाना म्हणजे स्वतंत्र इमारत नव्हे. विहाराच्या सभागृहात सकाळची वंदना आटोपली की सतरंज्या एका बाजूला सरकवून दोन टेबले मांडायची, कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून तपासणीची आडोशाची जागा करायची, वजनकाटा सपाट फरशीवर ठेवून शून्यावर आणायचा. नऊ वाजता शासकीय सेवेतून निवृत्त झालेले एक डॉक्टर आणि त्यांच्यासोबत शहरातून एक तरुण डॉक्टर येत. वस्ती शेतमजुरांची, गवंडीकाम करणाऱ्यांची, वीटभट्टीवर जाणाऱ्यांची. आमचा भाग धानाचा, म्हणून दवाखान्याची गर्दीही धानाच्या हिशेबाने कमी-अधिक होई. रोवणीच्या दिवसांत सभागृह जवळजवळ रिकामे असे. पहिल्या वर्षी आम्हांला वाटले, पावसाळ्यात लोक निरोगी दिसतात! थोरले डॉक्टर म्हणाले, "माणसे बरी नाहीत, ती बांधीत आहेत. रोवणी संपू द्या." आणि तसेच झाले. रोवणी संपल्यानंतरच्या दोन रविवारी पायांच्या बोटांमधील चिखल्या, ताप, कंबरदुखी आणि रोवणीत अंगावर काढलेले सर्व दुखणे एकदम दारात आले. दवाखान्यात रुग्ण नाही म्हणजे गावात रोग नाही, असे नव्हे, हे आम्ही तेथे शिकलो. वैद्यकीय महाविद्यालयात सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात हेच पुढे मोठ्या शब्दांत भेटले, पण तेव्हा ते ओळखीचे होते.

पहिला महिना केवळ पाण्याचा माठ भरण्याचा आणि पुठ्ठ्याचे नंबर वाटण्याचा. त्यानंतर नोंदवही. नाव, वय, गाव, काम, तक्रार, तक्रार कधीपासून. लिहायला सोपे वाटते. परंतु वय विचारले की आजीबाई म्हणत, "इंदिराबाई गेल्या तेव्हा माझा थोरला पोटात होता, आता तूच मांड." आजार कधीपासून, तर "तान्ह्या पोळ्यापासून." यातून वर्षे आणि आठवडे काढायचे. सुरुवातीला आम्ही कंटाळून अंदाजे काहीतरी लिहीत असू. मग एकदा तरुण डॉक्टरांनी समजावून सांगितले की दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला आणि चार दिवसांचा खोकला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात क्षयरोगाची शंका घेऊन थुंकी तपासावी लागते. 'पोळ्यापासून' या शब्दाचे आम्ही काय करतो, यावर कोणाची थुंकी तपासली जाईल हे ठरत होते. त्या दिवसापासून नोंदवहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर सणांच्या तारखांचा तक्ता चिकटला. तो आजही आहे. दरवर्षी नवा लावतात.

पुढची पायरी वजन, उंची, ताप आणि लहान मुलांच्या दंडाचा घेर. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. फीत जराशी घट्ट ओढली तर धडधाकट मूल कुपोषित ठरते, सैल सोडली तर कुपोषित मूल घरी जाते. न्यूमोनियाची शंका असलेल्या बाळाचे श्वास मोजतानाही तसेच. बाळ शांत असताना, पोटाकडे पाहत, पुरते एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास असले तर तो वेगवान श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर सुईणींसाठी मण्यांचा आणि एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचा श्वासमापक केला होता, तो कशासाठी हे एक रडते बाळ मांडीवर घेऊन मोजण्याचा प्रयत्न केल्यावरच कळते. आम्ही तर विज्ञान शाखेचे विद्यार्थी, तरीही तिसाच्या पुढे गणती चुकत असे.

रक्तदाब मोजण्याची परवानगी तीन महिन्यांनी मिळे. आणि काय करायचे नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेले असे. रोगाचे नाव आपण सांगायचे नाही. इंजेक्शनला हात लावायचा नाही. कोणाची गोळी बदलायची नाही, बंद करायची नाही, शेजारणीची गोळी हिला चालेल का याचे उत्तर द्यायचे नाही. "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगतो," हे वाक्य मात्र कितीही वेळा बोलता येईल. सोळा-सतरा वर्षांच्या, वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला हे वाक्य उच्चारणे किती जड जाते, हे आमच्यातील प्रत्येकाला आठवते. आमच्यातील परिचारिका भगिनीचे मत असे की, तिच्या रुग्णालयातील काही वरिष्ठांना ते वाक्य अजून जमलेले नाही.

आता गणिताच्या शिक्षकाची गोष्ट. ती त्याच्याच आग्रहाने येथे देत आहोत.

श्रावणातला रविवार होता. सभागृहावर टिनाचे छप्पर, त्यावर पाऊस. रक्तदाब मोजण्याची रीत त्याला पाठ होती : रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यावे, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर असावेत, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, मोजताना कोणी बोलू नये, पट्टा दंडाला पुरेसा असावा कारण आखूड पट्ट्याने आकडा वाढीव येतो, आणि हवा हळूहळू, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर अशी सोडावी, पहिला ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा, ठोके थांबतील तो खालचा. पावसाच्या आवाजात त्याला ठोकेच ऐकू येईनात. रांग तर वाढत होती. एका बाईंच्या नावापुढे त्याने १२०/८० लिहिले. मग आणखी एकाच्या नावापुढे. मग ते सोपेच होऊन गेले.

थोरल्या डॉक्टरांनी त्या बाईंचा चेहरा पाहून सहज पुन्हा मोजले. १७८/१०४. ते रागावले नाहीत. रुग्ण संपल्यावर त्यांनी नोंदवही त्याच्यापुढे ठेवली आणि त्या दिवशीच्या नोंदींत १२०/८० किती वेळा आले ते मोजायला सांगितले. चोवीस नोंदींत अकरा वेळा. "एवढी निरोगी वस्ती असती तर मी कशाला आलो असतो?" एवढेच म्हणाले. नंतर त्यांनी जे सांगितले ते आमच्या सर्वांच्या कायम लक्षात राहिले : ऐकू आले नाही तर जागा रिकामी सोड. रिकामी जागा दिसली असती तर मी पुन्हा मोजलेच असते. तू भरलेल्या आकड्याने मला गाफील केले.

त्या अकरा जणांकडे ती दुपारभर पावसात हिंडून तो आणि आणखी दोघे पुन्हा मोजून आले. दोघांचे आकडे वाढलेले निघाले. एक जण कामाला बाहेरगावी गेला होता, तो पुढचे तीन रविवार सापडला नाही. त्या तीन आठवड्यांत आमच्या मित्राला धड झोप लागली नाही. आपल्याला डॉक्टर व्हायचे नाही, हे त्याने त्याच सुमारास ठरविले, असे काही जण सांगतात. तो स्वतः तसे म्हणत नाही. त्याचे म्हणणे असे की, त्याला आकड्यांची भीती वाटू लागली आणि म्हणून आकड्यांचा अभ्यास केला. आज तो नववीला सांख्यिकी शिकविताना त्या पानावरचे आकडे, नावे वगळून, फळ्यावर लिहितो आणि मुलांना विचारतो, यात खोटे काय दिसते?

आमच्या मते दवाखान्यातील दोन वर्षांचे खरे फळ हेच. विद्यार्थ्याच्या हातून येथे ज्या चुका होतात त्या लहान असतात, कारण त्याच्या पाठीशी कोणीतरी उभे असते. पुढे रात्रपाळीत एकट्याने साठ रुग्ण सांभाळताना तीच चूक तो करील तर मागे मोजणारे कोणी नसेल. परीक्षेत न आलेल्या प्रश्नाचे उत्तर ठोकून देण्याची आपली सवय शाळेतूनच येते. रिकामी जागा सोडणे म्हणजे गुण गमावणे, हे आम्हांला दहा वर्षे शिकविले गेले होते. दवाखान्याने ते पुसून काढले. पूर्ण पुसले, असा दावा नाही.

औषधाच्या टेबलावरचे शिक्षण निराळे. चिठ्ठीवर 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर' असे असते. ते आम्ही समजावून सांगत होतो, तोच एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "दोनदाच जेवतो बाबू, तिसरी गोळी कशावर खाऊ?" आम्ही डॉक्टरांकडे परत गेलो, आणि त्यांनी दोन वेळा घेता येईल असे औषध लिहून दिले. तेव्हापासून चिठ्ठी समजावण्यापूर्वी किती वेळा जेवता, कामावर किती वाजता निघता, घरी कोणाला वाचता येते, हे तीन प्रश्न ठरून गेले. क्षयरोगाचे उपचार साधारणतः सहा महिने चालतात. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, अंगात बळ येते आणि नेमकी तेव्हाच माणसे गोळ्या सोडतात. एक बाई मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामाला गेल्या आणि औषध खंडित झाले. नोंदवहीत आम्ही 'गैरहजर' असा शेरा मारून मोकळे झालो होतो. त्या शब्दात दोष त्यांचा दिसतो. वास्तविक, हंगामाला जाणार का, आणि जाणार असाल तर गोळ्या सोबत कशा न्याल, हे एप्रिलमध्ये विचारणे आमचे काम होते. पुढे आमच्या औषधनिर्मात्या मित्राने 'गैरहजर' हा शब्दच नोंदवहीतून काढून टाकायला लावला. त्याऐवजी 'कोठे गेले' असा रकाना आला.

विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने ग्रासलेला, स्वतःच्याच घाणीत पडलेला तो भिक्खू. त्याच्या उपयोगी कोणी पडत नव्हते, कारण तोही कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन, उचलून बिछान्यावर ठेवले. ही कथा आपल्या शाळेत सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढे शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत, तिकडे मात्र लक्ष कमी जाते : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र, ओकारी उचलण्याची किळस नसणे, आणि वेळोवेळी चांगल्या बोलण्याने रुग्णाचे मन प्रसन्न ठेवता येणे. ही यादी भावनेपासून नव्हे, कौशल्यापासून सुरू होते, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटते. त्याच ठिकाणी, ज्याची शुश्रूषा करणे अवघड अशा रुग्णाचीही लक्षणे आहेत. त्यांतील एक म्हणजे आपले दुखणे जसे आहे तसे न सांगणे. यावर आमचा अनुभव एवढाच की, न सांगणारे रुग्ण पुष्कळदा न विचारलेले रुग्ण असतात.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती आमच्या वसतिगृहातलीच आहे, आणि ती लिहावी की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला.

आठवीतला एक मुलगा हिवाळ्यात पहाटेच्या कवायतीला येत नसे. पाय दुखतात म्हणे. थंड पाण्याच्या अंघोळीला टाळाटाळ करी. आमच्यापैकी दोघे तेव्हा खोलीप्रमुख होते. आमच्याकडे कामचुकारांची यादी असे, आणि त्या यादीत त्याचे नाव कायम वरच असे. शिक्षा म्हणून त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्याचेही आम्हांला आठवते. कोणी एकाने नव्हे, आम्ही सर्वांनी ते केले.

एका रविवारी तो आमच्याबरोबर दवाखान्यात आला तो केवळ चिठ्ठी मिळावी म्हणून, म्हणजे कवायत चुकेल. तरुण डॉक्टरांनी त्याच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. डोळ्यांत पिवळसर झाक होती, नखे पांढुरकी. भावंडे किती, कोणी लहानपणी गेले का, असे विचारले. एक भाऊ गेला होता, तापाने. रक्ताचा नमुना तपासणीला गेला. आधी विद्राव्यता चाचणी, मग खात्रीची तपासणी. त्याला सिकलसेलचा आजार होता.

विदर्भातील वाचकाला हा शब्द नवा नाही. पूर्व विदर्भात आदिवासी समाजात आणि अनुसूचित जातींत, आपल्या बौद्ध समाजातही, हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात लाल रक्तपेशी गोल, लवचीक राहण्याऐवजी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्तक्षय आणि डोळ्यांची पिवळी झाक. ताठर पेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य वेदना उठतात. थंडी, पाणी कमी पिणे, ताप, अतिश्रम ही त्या वेदनेची नेहमीची निमित्ते. वाचकांनी कृपया मागचा परिच्छेद पुन्हा वाचावा. पहाटेची थंडी, गार पाणी, मैदानाच्या फेऱ्या.

निदान झाल्यावर आमच्यातील एकीने शाळेचा जुना हजेरीपट मागून घेतला. तीन वर्षांत तो मुलगा किती दिवस आजारी होता ते तिने महिन्यांप्रमाणे मांडले. जवळजवळ सर्व दिवस डिसेंबर-जानेवारीत होते, उरलेले एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात. आमच्या कपाटात तीन वर्षे त्याच्या आजाराचा इतिहास लिहून पडला होता आणि आम्ही तो कामचुकारपणाचा पुरावा म्हणून वाचत होतो. वस्तीतील आजींच्या 'पोळ्यापासून'चा अर्थ काढणारे आम्ही, आपल्याच खोलीतल्या मुलाला एकदाही विचारले नव्हते, की बाबा रे, पाय दुखतात म्हणजे कसे दुखतात?

यापेक्षा वाईट पुढे घडले. आमच्यापैकी एकाने, हेतू चांगलाच होता, ही हकीकत त्या मुलाच्या गावातील एका नातेवाइकाला सांगितली. घरच्यांनी काळजी घ्यावी एवढीच इच्छा. महिन्याभरात मुलाच्या थोरल्या बहिणीचे जुळत आलेले लग्न मोडले. तिची तपासणीही झालेली नव्हती. येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत आजार होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि दोष अजिबात नसण्याची चारांत एक. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. वाहकाचे लग्न दोष नसलेल्या व्यक्तीशी झाले, तर त्यांच्या कोणत्याही अपत्याला हा आजार होत नाही. काही अपत्ये वाहक होऊ शकतात, इतकेच. अडचण दोन्ही वाहक असतील तेव्हा. म्हणजे त्या मुलीच्या लग्नाला नकार देण्याचे कारणच नव्हते. दोघांची एक साधी रक्ततपासणी पुरेशी होती. परंतु अफवेला चारांत एक, चारांत दोन कळत नाही.

थोरले डॉक्टर त्या दिवशी प्रथमच रागावले. नोंदवही त्यांनी स्वतः कपाटात ठेवली, किल्ली खिशात घातली आणि आम्हांला दोन रविवार येऊ नका म्हणाले. तिसऱ्या रविवारी परत गेलो तेव्हा त्यांनी एकच नियम घातला : चादरीच्या आत ऐकलेले चादरीबाहेर न्यायचे नाही, आईलाही नाही, मित्रालाही नाही, कौतुकानेही नाही. वैद्यकीय महाविद्यालयात पदवीच्या वेळी गोपनीयतेची शपथ घेतली जाते. ती घेताना आमच्यातील तिघांच्याही डोळ्यांपुढे एक न झालेले लग्न होते. त्या मुलीचे पुढे दुसरीकडे लग्न झाले, तपासणी करूनच, आणि ती सुखात आहे. परंतु त्याचे श्रेय आमचे नाही.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. तपासणीचे काम यंत्रे करतील. तपासणीनंतर मिळालेला कागद घरी कसा न्यायचा, कोणाला दाखवायचा, वाहक म्हणजे रोगी नव्हे हे सासूला कसे सांगायचे, हे मात्र माणसांनीच करावे लागेल. आणि या कामाला आपल्यासारख्या शाळांतील मुले-मुली अतिशय योग्य आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील, बहुतांशी निरक्षर, स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १९६९ मधील स्थापनेपासूनचा वारसा म्हणून, विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पहिल्या वर्षीच तेथे मुक्कामाला जाते. गडचिरोलीत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली आणि बालमृत्यू कसे घटले, हे बंग दांपत्याच्या गटाने १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात जगापुढे मांडले. अलीकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आणला आहे. चांगलेच आहे. तथापि, अठराव्या वर्षी सक्तीने दत्तक घेतलेले कुटुंब आणि सोळाव्या वर्षी आपखुशीने भरलेला पाण्याचा माठ यांत फरक राहणारच.

पालकांचा एक प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. नीट परीक्षा ७२० गुणांची असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. रविवारच्या दवाखान्याचा त्यात एकही गुण नाही. परदेशांतील काही विद्यापीठे प्रवेश देताना अशा कामाचा विचार करतात. आपल्याकडे तसे नाही. आठवड्याचे चार तास, दोन वर्षे, म्हणजे चारशे तासांच्या आसपास वेळ जातो. आमच्यापैकी एकाला पहिल्या प्रयत्नात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्याच्या वडिलांनी रविवारलाच दोष दिला. त्यांचे चुकलेच, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. मजुरी करून मुलाला शिकविणाऱ्या बापाला एक वर्ष म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. म्हणून आता बारावीच्या मुलांना दिवाळीनंतर दवाखान्यातून सुट्टी असते. प्रमाणपत्र मात्र कोणालाही दिले जात नाही. मध्यंतरी एक वर्ष देऊन पाहिले होते. त्या वर्षी स्वयंसेवक तिप्पट झाले आणि माठ मात्र रिकामा राहू लागला.

तो आठवीतला मुलगा आज तेवीस वर्षांचा आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज हायड्रॉक्सीयुरिया घेतो, ताप आला तर वाट न पाहता रुग्णालय गाठतो, पाण्याची बाटली जवळ बाळगतो. हा लेख त्याने वाचला आहे आणि त्याच्या व त्याच्या बहिणीच्या संमतीनेच तो छापला जात आहे. त्याने एक दुरुस्ती सुचविली. आम्ही मसुद्यात लिहिले होते की निदानानंतर शाळेने त्याला कवायतीतून सूट दिली. तो म्हणाला, सूट मला एकट्यालाच नव्हती, ते लिहा. खरेच आहे. त्या वर्षापासून सर्व मुलांना वर्गात पाण्याची बाटली नेण्याची मुभा मिळाली, म्हणजे बाटली पाहून कोणी कोणाला ओळखू नये. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंघोळीला सर्वांनाच गरम पाणी. स्वयंपाकघरामागची मोठी चूल त्यासाठी पहाटे साडेचारला पेटवावी लागते. या हिवाळ्यात ती पाळी नववीच्या मुलांकडे आहे, आणि लाकडे भिजू नयेत म्हणून वर टिनाचे छप्पर हवे, असा अर्ज त्यांनी आमच्याकडे पाठविला आहे. पत्रे आम्ही पाठवीत आहोत.